एक रुपयाची फी आणि कामगाराचा वकील

एखाद्या नामांकित वकिलाने सरकारचे वकीलपत्र एक रुपया घेऊन किंवा तोही न घेता स्वीकारले, की वर्तमानपत्रांतून त्याचे कौतुक सुरू होते. देशसेवा, त्याग, करदात्याच्या पैशाची बचत असे शब्द वापरले जातात. या कौतुकात सामील होण्यापूर्वी आम्हा कामगार चळवळीतील लोकांना दोन साधे प्रश्न विचारावेसे वाटतात. ही फुकटची सेवा कोणाला मिळाली? आणि ती ज्याच्याविरुद्ध वापरली जाणार, त्याच्या हाती काय आहे?

हे प्रश्न केवळ कायदेपंडितांनी सोडवायचे नाहीत. दिल्ली आणि तिच्या भोवतीचा फरिदाबाद, गुडगाव, मानेसर, नोएडा, गाझियाबाद, मेरठ हा पट्टा घ्या. येथील कामगाराला सरकार अनेक रूपांत भेटते. कायदा करणारे सरकार, तपासणी करणारे सरकार, पोलीस पाठवणारे सरकार आणि स्वतःच मालक असलेले सरकार. यांपैकी कोणत्या सरकारला वकील फुकट मिळाला, यावर त्या दानाची किंमत ठरते.

जाधव खटल्याचे उदाहरण

सर्वांना ठाऊक असलेल्या उदाहरणापासून सुरुवात करू. मुंबईचे कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली. भारत सरकारने मे महिन्यात हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे धाव घेतली. तेथे भारताची बाजू नागपूरचे हरीश साळवे यांनी मांडली. १५ मे २०१७ रोजी तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी जाहीर केले की, साळवे यांनी या कामाची फी एक रुपया घेतली आहे. १८ मे रोजी न्यायालयाने फाशीला तात्पुरती स्थगिती दिली आणि १७ जुलै २०१९ च्या अंतिम निवाड्यात पाकिस्तानने व्हिएन्ना कराराचा भंग केल्याचे सांगून शिक्षेचा फेरविचार करण्यास फर्मावले. सुषमा स्वराज यांचे ६ ऑगस्ट २०१९ रोजी निधन झाले आणि तो एक रुपया त्यांच्या कन्येने सप्टेंबर महिन्यात साळवे यांच्या हाती दिला.

या कामाबद्दल आम्हाला आदरच आहे. तथापि हे काम चांगले का ठरले, हे नीट पाहिले पाहिजे. एक तर समोर दुसरे राष्ट्र होते, कोणी दुबळा माणूस नव्हता. दुसरे, सरकार येथे एका नागरिकाच्या प्राणासाठी उभे होते, म्हणजे त्या दानाचा खरा धनी काळकोठडीतला कैदी होता. तिसरे, फी किती हे मंत्र्यांनी स्वतः सर्वांना सांगितले आणि सुनावणी जगासमोर झाली. या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तर एक रुपयाची फी शोभून दिसते. यांतली एक जरी काढली तरी चित्र बदलते.

आज सरकारचे फुकट काम करणारा वकील उद्या काय करतो, हाही प्रश्न आहे. सरकारचे नेमलेले कायदा अधिकारी, म्हणजे ॲटर्नी जनरल, सॉलिसिटर जनरल आणि त्यांचे सहकारी, १९८७ च्या सेवाशर्तींच्या नियमांनी बांधलेले असतात. सरकारविरुद्ध कोणत्याही पक्षकाराला सल्ला देण्यास त्यांना मनाई आहे. खाजगी वकिलावर असे कायमचे बंधन नसते. साळवे हे स्वतः १९९९ ते २००२ या काळात सॉलिसिटर जनरल होते. पुढे खाजगी वकिली करताना व्होडाफोन कंपनीच्या बाजूने ते सरकारच्या आयकर खात्याविरुद्ध उभे राहिले आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती कंपनी जिंकली. सुमारे ११ हजार कोटी रुपयांच्या कराची मागणी त्या निकालाने रद्द झाली. यात गैर काहीच नाही, वकिलाचा व्यवसायच तसा आहे. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या माणसाला अनेक अशील आहेत त्याची फुकट सेवा सरकारने कायमची सवय म्हणून घेऊ नये. पगार किंवा फी देऊन ठेवलेल्या माणसाला नियम लावता येतो, जाब विचारता येतो. उपकार करणाऱ्याला जाब कोण विचारणार?

तोंडी फुकट, कागदावर काय?

दिल्लीतच २०१७ साली दुसरा प्रसंग घडला. तत्कालीन मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांच्यावर अरुण जेटली यांनी अब्रूनुकसानीचा दावा लावला होता. केजरीवालांचे वकील राम जेठमलानी होते. त्यांच्या फीचे सुमारे ३ कोटी ४२ लाख रुपयांचे बिल दिल्ली सरकारच्या तिजोरीतून द्यावे, असा प्रस्ताव उघड झाला आणि एप्रिल २०१७ मध्ये वादळ उठले. दावा व्यक्तीवर होता की मुख्यमंत्रिपदावर, हा वादाचा विषय होता. जेठमलानी यांनी तेव्हा जाहीर केले की, पैसे देता येत नसतील तर आपण गरीब अशील समजून फुकट काम करू. जुलै महिन्यात त्यांनी हे वकीलपत्र सोडले आणि २ कोटींहून अधिक थकलेली फी मागितली.

त्या दोन्ही मोठ्या माणसांच्या हेतूंची चिकित्सा आम्हाला करायची नाही. या प्रसंगाने शिकवले ते असे की, सरकारी कामात ‘फुकट’ हा शब्द तोंडी असेल तर तो केव्हाही बिलात बदलतो. तसा तो बदलला नाही तरी उपकाराच्या रूपाने शिल्लक राहतो. कारखान्यात ‘जरा दोन तास थांब, नंतर बघू’ म्हणून घेतलेला ओव्हरटाइम आणि हा व्यवहार यांत आम्हाला फारसा फरक दिसत नाही. काय ठरले ते लिहून ठेवलेले नसेल, तर ज्याच्या हाती ताकद त्याच्या सोयीने त्याचा अर्थ लागतो.

अमेरिकेत कारकुनांमुळे आलेला कायदा

सरकारने फुकट सेवा घ्यावी की नाही, यावर अमेरिकेत १८८४ सालीच कायदा झाला, आणि तो वकिलांमुळे नव्हे तर कारकुनांमुळे झाला. काम वाढले की सरकारी खाती आपल्या खालच्या दर्जाच्या नोकरांना ‘स्वखुशीने’ जादा वेळ काम करायला लावीत. पुढे त्या नोकरांची मागणी संसदेपुढे येई आणि मंजूर नसलेला खर्च संसदेच्या गळ्यात पडे. म्हणून संसदेने ठरवले की, जीव किंवा मालमत्ता धोक्यात असण्याचा आणीबाणीचा प्रसंग सोडला तर कोणत्याही सरकारी खात्याने स्वेच्छेची फुकट सेवा स्वीकारायची नाही. पैशाचे नियंत्रण लोकप्रतिनिधींकडे राहावे आणि नोकराकडून वेठ घेतली जाऊ नये, ही दोन्ही कामे त्या एका कलमाने केली.

पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धात तेथील बड्या कंपन्यांचे अधिकारी सरकारी कामावर आले, ते वर्षाला एक डॉलर घेऊन. फुकट काम घेणे कायद्यात बसत नव्हते, म्हणून हा एक डॉलर. त्यांचा खरा पगार बहुधा त्यांच्या कंपन्याच देत. युद्धखर्चाची तपासणी करणाऱ्या सिनेटर ट्रुमन यांच्या समितीने १९४२ साली या पद्धतीवर सडकून टीका केली. ज्या कंपनीचा पगार खातो तिचे हित माणूस नकळत पाहतोच, असा तिचा रोख होता. एक रुपयाची फी ही अशी जुनी गोष्ट आहे.

२०२५ साली याच अमेरिकेत ही गोष्ट उलट्या दिशेने गेली. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी काही मोठ्या वकिली कंपन्यांविरुद्ध आदेश काढले. त्यांना सरकारी इमारतींत मज्जाव, त्यांच्या अशिलांची सरकारी कंत्राटे धोक्यात, असा त्यांचा मजकूर होता. ‘पॉल, वाइस’ या कंपनीने मार्च महिन्यात ४ कोटी डॉलर किमतीचे फुकट काम देण्याचे कबूल केले, तेव्हा तिच्यावरचा आदेश मागे घेतला गेला. ‘स्कॅडन, आर्प्स’ने १० कोटी डॉलरचे काम कबूल केले. अशा नऊ कंपन्यांनी मिळून कबूल केलेल्या कामाची किंमत सुमारे ९४ कोटी डॉलर होते. त्यांपैकी काही कंपन्या सरकारच्या वाणिज्य खात्याचे काम करीत असल्याच्या बातम्या त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आल्या. चार कंपन्यांनी मात्र वाकण्यास नकार दिला, त्या न्यायालयात गेल्या आणि मे व जून २०२५ मध्ये चौघींच्याही बाजूने जिल्हा न्यायालयांचे निकाल लागले. जे सरकार फुकट सेवा घेऊ शकते, ते ती सेवा दमदाटीने वसूलही करू शकते, हे या प्रकरणातून दिसून आले. आणि जो वकील सरकारला दान देऊन सुटका करून घेतो, तो उद्या सरकारविरुद्ध स्थलांतरित मजुराचे वकीलपत्र घेण्यापूर्वी दहा वेळा विचार करील.

मेरठपासून मानेसरपर्यंत

आता आपल्या घरी येऊ. सरकार आणि कामगार कोर्टात समोरासमोर उभे राहिले, तेव्हा वकील कोणाला कसा मिळाला, याचा इतिहास याच पट्ट्यात आहे.

मार्च १९२९ मध्ये देशभरातून कामगार पुढाऱ्यांना पकडून मेरठला नेण्यात आले. डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर ही मुंबईच्या गिरणी कामगारांत काम करणारी आमचीच माणसे त्यांत होती. पुण्याचे वृद्ध पुढारी धुंडिराज ठेंगडी यांचा तर खटला चालू असतानाच मृत्यू झाला. आरोपी मुंबई-कलकत्त्याचे, आणि खटला मेरठला, जेथे ज्यूरी बसत नसे. सरकारने कलकत्त्याहून लँगफर्ड जेम्स हे बॅरिस्टर आणले आणि खटल्यावर लाखो रुपये खर्च केले. आरोपींच्या बचावाची जबाबदारी जवाहरलाल नेहरू, डॉ. अन्सारी, एम. सी. छागला यांच्यासारख्या मंडळींनी उचलली, त्यासाठी समिती नेमली गेली, निधी गोळा झाला. जानेवारी १९३३ मध्ये जबर शिक्षा झाल्या. त्याच वर्षी अलाहाबाद हायकोर्टाने त्या पुष्कळच कमी केल्या आणि काहींना सोडून दिले. वकिलीचे दान कोणत्या बाजूला जायला हवे, याचा धडा आमच्या चळवळीने तेथे घेतला.

स्वातंत्र्यानंतर १९८२ च्या एशियाडचे बांधकाम दिल्लीत चालू होते. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने तेथील मजुरांची पाहणी केली आणि सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्या पत्रालाच याचिका मानण्यात आले. केंद्र सरकार, दिल्ली प्रशासन आणि दिल्ली विकास प्राधिकरण हे प्रतिवादी होते. किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे होते. ते मजुराच्या हाती न पडता जमादाराच्या हाती पडे आणि जमादार माणशी एक रुपया आपली दलाली म्हणून कापून घेई. न्यायालयाने सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत घेतलेले काम ही राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने मना केलेली वेठच आहे. एक रुपयाची किंमत दोन ठिकाणी किती वेगळी असते, हे येथे पाहावे. हेगच्या वकिलाने सोडलेली फी मोठी होती, म्हणून त्याच्या एका रुपयाला मान मिळाला. एशियाडच्या मजुराचा एक रुपया रोज कापला जात होता आणि त्याची नोंद घ्यायला एका संघटनेला सर्वोच्च न्यायालय गाठावे लागले. त्या खटल्यात विनामोबदला झालेले काम ही खरी विनामूल्य वकिली होय.

यानंतर मानेसर. १८ जुलै २०१२ रोजी मारुती सुझुकीच्या कारखान्यात हिंसाचार झाला आणि त्यात एका व्यवस्थापकाचा दुर्दैवी मृत्यू झाला. त्या मृत्यूचे समर्थन कोणीही करू शकत नाही. परंतु पुढे काय झाले? दीडशेच्या आसपास कामगार गजाआड गेले. जामिनासाठी त्यांच्यापैकी अनेकांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. हरियाणा सरकारने सरकारी वकिलांवर भागवले नाही. विशेष सरकारी वकील म्हणून दिल्लीचा एक नामांकित वरिष्ठ वकील नेमला. त्यांची फी सुनावणीमागे लाखांच्या घरात असल्याचे तेव्हाच प्रसिद्ध झाले होते. कामगारांच्या बाजूनेही काही चांगले वकील उभे राहिले, पण त्यांच्या मागे होती ती साथींची वर्गणी आणि बायकांनी विकलेले दागिने. १० मार्च २०१७ रोजी गुडगावच्या न्यायालयाने निकाल दिला. ३१ जण दोषी ठरले, १३ जणांना जन्मठेप झाली आणि ११७ जण निर्दोष सुटले. त्या ११७ जणांची तुरुंगात गेलेली वर्षे कोणत्याही निकालाने परत आली नाहीत. ज्या सरकारला कामगारांविरुद्ध एवढी फी परवडते, त्याला वकिलांच्या दानधर्माची गरज आहे, हे आम्हाला कोणी पटवून द्यावे.

स्वतःच्याच कामगाराशी भांडणारे सरकार

काही मंडळी म्हणतात की, सरकारचा पैसा म्हणजे जनतेचा पैसा, तो वाचला तर तुमचाच वाचला. या म्हणण्यात तथ्य आहे असे क्षणभर मानू. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०२३-२४ या वर्षी त्याचा कोर्टकज्जांवरचा खर्च सुमारे ६६ कोटी रुपये होता. सरकार पक्षकार असलेली सुमारे ७ लाख प्रकरणे न्यायालयांत पडून असल्याचेही २०२५ साली सांगण्यात आले. खर्च कमी करायचा असेल तर त्याचा मार्ग या सात लाखांत आहे. जे दावे लढूच नयेत ते सरकारने लढणे थांबवावे. हे आम्हीच म्हणतो असे नाही. कायदा आयोगाने १९८८ च्या आपल्या १२६ व्या अहवालात सरकारी दाव्यांचाच विचार केला होता आणि जून २०१० च्या राष्ट्रीय दावा धोरणात सरकारने जबाबदार पक्षकार व्हावे असे सरकारनेच लिहून ठेवले आहे.

वस्तुस्थिती काय आहे? दिल्ली महापालिकेत मस्टर रोलवर रस्त्याची कामे करणाऱ्या बायकांनी बाळंतपणाची रजा मागितली. युनियनने मागणी लावून धरली आणि १९९६ साली औद्योगिक न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने निवाडा दिला. महापालिका हायकोर्टात गेली, हरली. पुन्हा अपिलात गेली, हरली. शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ८ मार्च २००० रोजी, महिला दिनालाच, तेथेही हरली. या चार पायऱ्यांवर महापालिकेचा वकील फुकट होता की पैसे घेणारा होता, याने त्या बाईला काय फरक पडला असता? तिचे मूल तोवर शाळेत जाऊ लागले होते. उलट वकील फुकट मिळत असेल, तर अपील करण्यापूर्वी खात्याच्या अधिकाऱ्याला जो थोडाफार हिशेब करावा लागतो तोही करावा लागणार नाही.

फरिदाबादला केंद्रीय जल आयोगाच्या कार्यालयात वर्षानुवर्षे झाडलोट आणि बागकाम करणाऱ्या कामगारांनी कायम करण्याची मागणी केली. २०१८ साली न्यायाधिकरणाने त्यांचा अर्ज फेटाळला आणि त्याच वर्षी आयोगाने त्यांना कामावरून काढून टाकले. हायकोर्टातही यश आले नाही. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामावर घेऊन कायम करण्याचा हुकूम दिला आणि सरकारने आदर्श मालकासारखे वागावे, अशी समज दिली. सहा वर्षे भारत सरकार आपल्या चार-दोन सफाई कामगारांशी भांडत होते. अशा भांडणात वकिलाने सरकारला दान देणे म्हणजे भरल्या कोठारात मूठभर धान्य टाकून दारातल्या उपाशी माणसाला हाकलणे होय.

फुकट काम खरोखर करतो कोण?

आणखी एका गोष्टीकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. मोठा वकील फी सोडतो, पण त्या प्रकरणाचे कागद वाचणारे, तारखा सांभाळणारे, रात्री बसून टिपणे तयार करणारे हात त्याच्या कचेरीतील ज्युनिअर वकिलांचे, कारकुनांचे आणि टंकलेखकांचे असतात. त्यागाचा फोटो एकाचा येतो, घाम दहा जणांचा असतो. दिल्लीतील ज्युनिअर वकिलांची स्थिती काय आहे, हे सर्वश्रुत आहे. दिल्ली हायकोर्टापुढे हा प्रश्न गेल्यावर बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढले. ज्युनिअरला शहरात दरमहा किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे, असे त्यात सुचवले आहे. सुचवले आहे, सक्ती केलेली नाही. तेव्हा साहेबांनी सरकारची फी माफ करताना आपल्या कचेरीतल्या पोरांचा मेहनताना दिला आहे काय, हे विचारणे आमचे कर्तव्य आहे. वकील आपल्याला कामगार म्हणवून घेत नाहीत, पण महिनाअखेरीस रिकाम्या हाताने घरी जाणारा माणूस आमच्या लेखी आमचाच आहे.

कामगाराचा हक्क कायद्यातच आहे

वकिलीच्या दानाला जागा हवी असेल तर ती संसदेने दाखवून ठेवली आहे. राज्यघटनेचे ३९-अ हे कलम सांगते की, पैसा नाही म्हणून कोणी न्यायाला मुकू नये. त्यासाठी १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या १२ व्या कलमात मोफत वकील कोणाला मिळेल याची यादी आहे. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, मुले, अपंग, कोठडीतील माणसे, आणि या यादीत ‘औद्योगिक कामगार’ हे शब्द स्पष्ट लिहिले आहेत. कामगाराला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला द्यावा लागत नाही. आमच्या किती सभासदांना हे ठाऊक आहे? २०१७ साली केंद्र सरकारने फुकट काम करू इच्छिणारे वकील आणि असे पात्र पक्षकार यांची गाठ घालून देणारी योजनाही सुरू केली. म्हणजे मार्ग आखलेला आहे, गर्दी मात्र भलत्याच दारात आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा इतिहासजमा झाला आहे. जुन्या कायद्याने तडजोडीच्या कामात वकिलांना मनाई केली होती आणि न्यायाधिकरणात दुसऱ्या पक्षाच्या संमतीची अट घातली होती. हेतू हा की, मालकाने पैशाच्या जोरावर वकिलांची फौज आणू नये. १९७६ साली पारादीप बंदराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मालकांच्या संघटनेचा पदाधिकारी असलेल्या वकिलाला मुभा दिली, तेव्हापासून त्या अटीला पळवाट मिळाली. नव्या संहितेतील शब्दांचा अर्थ लावण्याची लढाई आता न्यायालयांत होणार आहे. त्या लढाईत कामगाराला जाणकार वकील कधी नव्हे एवढा लागणार आहे.

आमच्या मागण्या

सबब आमचे म्हणणे आम्ही पुढीलप्रमाणे मांडतो.

पहिली गोष्ट, केंद्र, राज्य, महापालिका किंवा सरकारी उपक्रम यांनी फुकट अथवा नाममात्र फीवर वकील घेतला, तर तो करार लेखी असावा आणि प्रसिद्ध करावा. त्या वकिलाचे त्या खात्याशी संबंध येणारे इतर अशील कोण, हेही त्यात असावे.

दुसरी, समोर कामगार, झोपडीवासी, फेरीवाला किंवा निवृत्तिवेतनधारक असेल तेथे सरकारने अशी सेवा मुळीच घेऊ नये.

तिसरी, ज्येष्ठ वकिलाचा दर्जा देताना वकिलाच्या विनामूल्य कामाचा विचार केला जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाने त्याला गुणपद्धतीत स्थान दिले होते. ती गुणपद्धती २०२५ साली गेली, तरी विनामूल्य काम म्हणजे १२ व्या कलमातील माणसासाठी केलेले काम, हीच व्याख्या धरावी. सरकारसाठी केलेले फुकट काम त्यात धरू नये.

चौथी, फुकट कामात राबणाऱ्या ज्युनिअर वकिलांना आणि कारकुनांना पूर्ण मोबदला मिळालाच पाहिजे.

पाचवी मागणी आमची आमच्याकडेच आहे. प्रत्येक युनियनने आपल्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे १२ व्या कलमाखाली अर्ज करण्याची व्यवस्था करावी. युनियनच्या कचेरीत त्या अर्जाचे नमुने ठेवावेत आणि अर्ज फेटाळला गेल्यास त्याची नोंद करून ती फेडरेशनकडे पाठवावी. दिल्ली, गुडगाव आणि फरिदाबाद येथील वकील संघांनाही आम्ही आवाहन करतो की, ज्यांना आपल्या विद्येचे दान करायचे आहे त्यांनी आमच्या कचेऱ्यांत यावे. येथे कामाला तोटा नाही. फेडरेशनच्या पुढील कार्यकारिणीत हा ठराव मांडावा आणि त्यावर सर्व राज्य शाखांनी आपले मत कळवावे, असे आम्ही सुचवतो.